मोरचूद पाण्यांत गेल्यावर काय होतें?

बोर्दो मिश्रण बागाईतदारांस नवें नाहीं. द्राक्षावरील केवड्यास व सुपारीवरील कोळेरोगास तें फवारतात. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना व शंभर लिटर पाणी हें प्रमाणहि बहुतेकांस तोंडपाठ आहे. तरी एखाद्या वर्षीं त्याच मिश्रणानें पानें करपतात आणि दोष हवेवर नाहीं तर दुकानदारावर जातो. दुकानदार नेहमींच निर्दोष असतो असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु पुष्कळदां खरें कारण मोरचूद व पाणी यांच्या परस्परसंबंधांत असतें.

या मिश्रणाचा शोध चोरांमुळें लागला. फ्रान्स देशांत १८७८ च्या सुमारास केवडा शिरला. १८८२ सालीं बोर्दो येथील प्राध्यापक मिलार्दे यांस मेदोक भागांत असें आढळलें कीं, रस्त्याकडेच्या ज्या वेलींवर चोरट्यांस भेवडावण्यासाठीं मोरचूद-चुन्याचा निळा लेप शिंपडला होता, त्यांचींच पानें टिकून राहिलीं. १८८५ त त्यांनीं ही रीत प्रसिद्ध केली.

मोरचुदाचा खडा कोरडा दिसतो. पण त्याच्या वजनांत शेंकडा ३६ भाग पाणीच असतें, व तांबें सुमारें २५ भाग. निळा रंगहि त्या पाण्यामुळेंच. खडा तापवून पाणी घालविलें कीं पांढरी भुकटी उरते. ती निर्जल मद्यार्कांत टाकली तर विरघळत नाहीं व पांढरीच राहते. मद्यार्कांत थोडें जरी पाणी असलें तरी निळी होते. मद्यार्काची ही जुनी परीक्षाच आहे. उलट, मोरचुदाच्या दाट पाण्यांत मद्यार्क ओतीत गेल्यास मोरचूद निळ्या चुऱ्याच्या रूपानें तळाशीं बसूं लागतो. मद्यार्क पाण्यास आपल्याकडे ओढतो, परंतु तांब्यास पाण्याप्रमाणें सांभाळूं शकत नाहीं.

पाण्यांत विरघळलेला तांब्याचा भारित कण, ज्यास आयन म्हणतात, पाण्याच्या रेणूंनीं वेढलेला असतो. त्याच्या ओढीनें कांहीं रेणू आपला एक हायड्रोजन सोडून देतात. हा मोकळा हायड्रोजन म्हणजेच आम्लता. म्हणून आम्ल मुळींच न घालतांहि मोरचुदाचें पाणी आम्ल होतें. त्याचा सामू ४ च्या आसपास येतो. तुरटींतील ॲल्युमिनियमची करणीहि अशीच. असें नुसतें पाणी फवारलें तर मोकळें तांबें पानांत शिरून तें जाळतें. चुना हे हायड्रोजन घेत जातो, तसतसे आणखी सुटत जातात, आणि अखेर तांबें न विरघळणाऱ्या फिक्या निळ्या साक्यांत बांधलें जातें. पानावर वाळलेल्या या थरांतून दंव व पाऊस थोडथोडेंच तांबें सोडवितात. बुरशीचें बीज मारण्यास तें पुरतें, पान जाळण्यास पुरत नाहीं.

चुना मात्र ताजा विरविलेला हवा. उघडा पडलेला चुना हवेंतील कर्बवायु घेऊन खडूसारखा होतो. वजनांत पुरा भरतो, कामांत भरत नाहीं. मोरचूद व चुना निरनिराळ्या पन्नास-पन्नास लिटर पाण्यांत घेऊन दोन्ही धारा एकदमच तिसऱ्या भांड्यांत ढवळीत ओताव्या. दाट द्रव एकत्र केल्यास साका भरड होतो व पानास नीट चिकटत नाहीं. भांडें मातीचें, लाकडाचें किंवा प्लास्टिकचें असावें. लोखंडाचें झिजतें आणि तांबें त्याच्यावरच बसतें. याच गुणाचा उपयोग परीक्षेस होतो: घांसलेली लोखंडी सुरी मिश्रणांत कांहीं वेळ बुडवावी, व तांबूस पूट चढल्यास चुना वाढवावा. मिश्रण त्याच दिवशीं संपवावें. दुसऱ्या दिवशीं साका जाड होऊन खालीं बसतो, मग कितीहि ढवळा.

इतकें करूनहि एक गोष्ट उरते. तांबें कुजत नाहीं, पानावरून उतरलें कीं मातींत सांचतें. म्हणून युरोपीय संघानें २०१८ सालीं सात वर्षांत हेक्टरीं २८ किलो तांबें, अशी मर्यादा घातली. एका किलो मोरचुदांत तें सुमारें पाव किलो असतें. आपल्या बागेचा हिशेब यावरून ज्याचा त्यानें मांडावा.