घरगुती गायन-मुद्रण आणि आवाजाची पातळी

घरच्या घरी गाणे मुद्रित करण्याचे साहित्य आता कोणाही मध्यम व्यापाऱ्याच्या आवाक्यात आले आहे. एक बरासा मायक्रोफोन, त्यास संगणकाशी जोडणारी ऑडिओ इंटरफेस नावाची लहानशी पेटी आणि कानांवर चढविण्याचा हेडफोन एवढी सामग्री जमली, की दिवाणखान्यातही ध्वनिमुद्रण होऊ शकते; पूर्वी याच कामासाठी मोठ्या शहरातील स्टुडिओची वाट धरावी लागे. त्यामुळे पुष्कळ कुटुंबांत आजी-आजोबांच्या तोंडच्या ओव्या, पाळणे, स्तवने, नाट्यपदे जपून ठेवण्याची इच्छा उत्पन्न झाली आहे, आणि ती सर्वथैव स्तुत्य आहे. मात्र अशी मुद्रणे ऐकावयास मिळतात तेव्हा त्यांपैकी बरीच एकाच दोषाने बिघडलेली आढळतात. स्वर खालच्या पट्टीत असेतो सारे ठीक असते. सूर वर चढला, की आवाज फाटतो. ऐंशी वर्षांच्या आजीबाईंस पुन्हा एकदा म्हणा असे सांगणे नेहमीच शक्य नसते, आणि पुढील वर्षी तो आवाज तसाच असेल याची शाश्वती कोणी द्यावी? म्हणून मुद्रणापूर्वी आवाजाची पातळी कशी ठरवावी याविषयी थोडे विस्ताराने लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

आवाज फाटतो म्हणजे काय होते, ते प्रथम पाहू. मायक्रोफोन हवेतील कंपनांचे विजेच्या लहरीत रूपांतर करतो. इंटरफेसमधील वर्धक त्या क्षीण लहरीस मोठी करतो. आणि त्यानंतर तिची उंची सेकंदात हजारो वेळा मोजून आकड्यांत लिहिली जाते. कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ साली बाजारात आली तेव्हापासून तिच्यासाठी हे मोजमाप सेकंदास ४४,१०० वेळा होत आले आहे. हे आकडे लिहिणाऱ्या यंत्रास एक कमाल मर्यादा असते. धान्याच्या व्यवहारात पायली काठोकाठ भरल्यावर वरचे शीग फळीने सपाट करीत, हे जुन्या मंडळींस स्मरत असेल. लहर मर्यादेच्या वर गेली की यंत्र नेमके हेच करते; तिचा माथा छाटून सपाट करते. फरक इतकाच, की छाटलेले धान्य खाली पडलेले तरी सापडते, छाटलेला स्वर कोठेच सापडत नाही. शिवाय सपाट झालेल्या त्या माथ्यातून गायकाच्या गळ्यात मुळीच नसलेले कर्कश उपस्वर निर्माण होतात, आणि कानास बोचतात ते हेच. असा बिघाड दुरुस्त करणारी संगणकीय साधने आहेत खरी, परंतु ती हरवलेल्या माथ्याचा केवळ अंदाज बांधतात.

मोजपट्टीवर ही कमाल मर्यादा शून्य डेसिबल या खुणेने दाखविलेली असते व तिच्या खालील सर्व पातळ्या उणे आकड्यांत असतात. आमच्या खतावणीत शून्य म्हणजे शिल्लक काही नाही. या पट्टीवर शून्य म्हणजे माप काठोकाठ भरले. नवशिक्याचा गोंधळ येथेच होतो. उणे १२ हा आकडा पाहून त्यास काहीतरी कमी पडत असल्यासारखे वाटते, आणि तो गेनचे बटण फिरवीत फिरवीत पट्टी शून्याला नेऊन टेकवितो.

या चुकीस इतिहासाचेही थोडे पाठबळ आहे. फ्रेड गायसबर्ग यांनी १९०२ साली कलकत्त्यास गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले तेव्हा विजेचा मायक्रोफोन या कामात नव्हता. गायकाने कर्ण्याच्या तोंडाशी गावयाचे आणि त्या कंपनांनी सुईने मेणाच्या तबकडीवर रेघ कोरावयाची, अशी पद्धत होती. पातळी सांभाळण्याचे साधन एकच, ते म्हणजे गायकाचे कर्ण्यापासूनचे अंतर. १९२५ च्या सुमारास विजेचे मुद्रण आले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय फीत सर्वत्र पसरली. फितीस स्वतःची एक सततची खरखर असते. ती झाकावी म्हणून आवाज शक्य तितका मोठा मुद्रित करण्याचा प्रघात पडला, आणि तो त्या काळी योग्यच होता, कारण मर्यादा ओलांडली तरी फीत एकदम दगा देत नाही. आवाज हळूहळू दाटत जातो, आणि पुष्कळांना तर तो दाटलेपणा गोडही वाटतो. आकड्यांच्या मुद्रणात अशी सवलत नाही. कडेपर्यंत सर्व स्वच्छ, आणि कडेपलीकडे सरळ दरी.

उलटपक्षी, पातळी कमी राहिल्याने होणारे नुकसान आता अगदी नगण्य आहे. प्रत्येक बिटास सुमारे ६ डेसिबल असा हिशेब धरला, तर १६ बिटांच्या मुद्रणात ९६ आणि २४ बिटांच्या मुद्रणात १४४ डेसिबलचा अवकाश कागदावर मिळतो. प्रत्यक्षात कोणतेही यंत्र १४४ पर्यंत पोहोचत नाही, ही गोष्ट वेगळी. तरीही २४ बिटांवर मुद्रण करताना वर १२ डेसिबल मोकळे सोडले, तर खर्च होतात फक्त दोन बिट. उरलेले २२ बिट कॉम्पॅक्ट डिस्कच्या १६ पेक्षा अधिकच भरतात. म्हणून मुद्रणाच्या प्रणालीत १६ ऐवजी २४ बिट निवडलेले आहेत ना, हे सर्वांआधी पाहावे. अंतिम गाणे किती मोठ्याने वाजावे हा प्रश्न मुद्रणाच्या वेळचा नव्हेच. तो आवाज नंतर हवा तितका वाढविता येतो.

आता प्रत्यक्ष कृती. गायकास बसवून त्याच्या तोंडापासून सुमारे एक वीत अंतरावर मायक्रोफोन स्थिर ठेवावा. तो हातात देऊ नये. मोकळ्या जागेत अंतर निम्मे झाले की पातळी ६ डेसिबलने, म्हणजे विजेच्या मापात दुपटीने वाढते. घराच्या खोलीत हे प्रमाण थोडे कमी भरते इतकेच. गाताना पुढे-मागे डोलणाऱ्या वृद्ध गायकापुढे आपण कितीही नेमकी पातळी ठरविली तरी ती टिकत नाही. त्यांस पाठ टेकण्याची खुर्ची द्यावी. मायक्रोफोन तोंडासमोर सरळ न धरता किंचित बाजूस ठेवावा, कारण आपल्या भाषेतील प, फ, भ या वर्णांबरोबर सुटणारा वाऱ्याचा झोत पट्टीवर अकस्मात उसळी घेतो. भरतकामाच्या गोल चौकटीवर ताणलेले पायमोज्याचे झिरझिरीत नायलॉन मध्ये उभे केल्यास हा झोत बराच मोडतो.

मायक्रोफोन कंडेन्सर जातीचा असल्यास त्यास इंटरफेसवरून ४८ व्होल्टचा पुरवठा चालू करावा. गेन अगदी खाली आणावा व गायकास गावयास सांगावे. येथे हॅलो हॅलो किंवा एक-दोन-तीन म्हणावयास लावणे हा आमच्या मते निव्वळ वेळेचा अपव्यय होय. आलापाच्या आरंभीचा षड्ज ऐकूनही काही ठरवू नये. पदातील जी ओळ तार सप्तकात जाते, तीच ओळ पूर्ण आवाजात म्हणवून घ्यावी आणि तिचे सर्वांत उंच टोक उणे १२ च्या आसपास येईल इतकाच गेन चढवावा. चाचणीत मनुष्य संकोचाने गातो. रंग भरला की त्याचा आवाज सहज ५-६ डेसिबलने वाढतो. ती वाढ धरूनही टोक उणे ६ च्या खालीच राहते, आणि ऐन वेळी कोणाची तान अंगात आली तरी जागा शिल्लक असते. मधल्या भागात पट्टी उणे १८ ते उणे २० च्या आसपास खेळत असेल, तर बिनधास्त राहावे.

पट्टी टोके दाखविते की सरासरी, हेही तपासावे. अमेरिकेत १९३९ साली प्रमाण मानलेल्या व्हीयू मीटरच्या काट्यास आपल्या जागी पोहोचावयास सुमारे ३०० मिलिसेकंद लागतात. गाण्याचा सर्वसाधारण जोर त्यावरून कळतो. तबल्याची थाप किंवा झांजेचा ठोका मात्र काटा उठेपर्यंत होऊन गेलेला असतो. साथीची वाद्ये त्याच मायक्रोफोनमध्ये येत असतील, तर टोके दाखविणारी पट्टीच प्रमाण धरावी आणि चाचणीच्या वेळी तबलजीसही वाजवावयास सांगावे.

दोन गोष्टींची गल्लत आम्हांस वारंवार दिसते. हेडफोनमध्ये आवाज कमी ऐकू येतो म्हणून कित्येकजण गेन वाढवितात. हेडफोनचे बटण निराळे असते व त्याचा मुद्रणाशी काहीएक संबंध नसतो. तसेच, संगणकाच्या पडद्यावरील सरकपट्टी खाली ओढून फाटलेला आवाज सावरत नाही. लहरीचा माथा संगणकापर्यंत येण्याच्या आधीच छाटला गेलेला असतो, सरकपट्टीने तो छाटलेला आवाज लहान होतो एवढेच. इंटरफेसवरील लाल दिवा एकदा जरी चमकला, तरी तेथेच गेन कमी केला पाहिजे.

गेन वाढविल्याने गायक जवळ येत नाही, हेही ध्यानात असावे. पंखा, शीतकपाट, रस्त्यावरील रिक्षा हे सारे गाण्याबरोबर त्याच प्रमाणात वाढतात. खरखर फार वाटल्यास पंखा बंद करावा किंवा मायक्रोफोन चार बोटे पुढे घ्यावा, आणि पातळी पुन्हा ठरवावी. फार जवळ मात्र नेऊ नये. एकाच दिशेने ऐकणाऱ्या मायक्रोफोनमध्ये त्यामुळे आवाज अकारण घुमारेदार होतो.

मोबाइल फोनवरच मुद्रण करणाऱ्यांची अडचण निराळी. बहुतेक फोन पातळी आपणहून वरखाली करतात. गायक थांबला की यंत्र कान टवकारते आणि घरातील कुजबूजही मोठी होते; तान आली की ते दचकून सारेच दाबून टाकते. गाण्यातील लहान-मोठेपणाचे सौंदर्य त्यात जाते. ही सोय बंद करता येणारे अॅप वापरावे, आणि ते न जमल्यास फोन दोन हात दूर ठेवावा. अलीकडे ३२ बिट फ्लोट पद्धतीची मुद्रणयंत्रेही मिळतात. त्यांत शून्यावर गेलेला आवाज नंतर खाली आणता येतो. तरीही मायक्रोफोन स्वतःच भाराने फाटला तर तीही निरुपाय ठरतात.

मुद्रण संपल्यावर मूळ फाइल जशी आहे तशी, हळू आवाजाचीच, दोन ठिकाणी जपून ठेवावी. आप्तेष्टांस पाठविण्याकरिता तिची निराळी प्रत काढून तिचा आवाज वाढवावा. आणि गाणे सुरू होण्यापूर्वी गाणाऱ्याचे नाव, गाव व तारीख कोणीतरी मोठ्याने उच्चारावी, म्हणजे चाळीस वर्षांनी ती फाइल उघडणाऱ्या नातवास हा कोणाचा आवाज असे विचारावे लागणार नाही.