विहिरीचे पाणी आणि अंजनाची मुळे

चाळीसगाव तालुक्याच्या दक्षिणेला सातमाळ्याची डोंगररांग आहे. तिच्या पायथ्याशी शेती करणाऱ्यांना एक गोष्ट चांगली ठाऊक असते: वर मातीचा पातळ थर, त्याखाली मुरूम आणि त्याच्याखाली खडक. विहिरीला पाणी किती दिवस पुरेल, हे या तीन थरांवर ठरते.

हा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेला काळा पाषाण आहे. तो स्पंजासारखा पाणी शोषत नाही. पाणी साठते ते मुरमात, खडकाच्या भेगांत आणि ‘मांजऱ्या’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सच्छिद्र थरांत. त्यामुळे एका शेतातली विहीर भरलेली आणि शेजारची कोरडी, असे घडते.

चीनच्या ग्वेझो प्रांतात खडक वेगळा, चुनखडीचा आहे. तो पाण्यात हळूहळू विरघळतो आणि त्यात भेगा व गुहा तयार होतात. तेथे उतारावरची झाडे तुटली, नांगर फिरला आणि पातळ माती वाहून गेली. मागे उघडे दगड उरले. आपला खडक चुनखडीसारखा विरघळत नाही, पण धडा आपल्यालाही लागू पडतो: पातळ माती एकदा गेली, की माणसाच्या आयुष्यात ती परत तयार होत नाही.

इथे अंजनाचे झाड कामाला येते. खानदेशच्या खडकाळ टेकड्यांवर ते चांगले तग धरते. त्याचे रोप सुरुवातीची वर्षे वर फारसे वाढत नाही. आधी सोटमूळ खोल मुरमात घालते. अशा मुळांच्या वाटांनी पावसाचे पाणी आत उतरते. पडलेला पालापाचोळा थेंबांचा मारा झेलतो आणि पाण्याचा वेग मोडतो. एका एकरावर एक सेंटिमीटर पाऊस पडला, तर सुमारे ४० हजार लिटर पाणी होते. ते मुरले तर विहिरीला मिळते; धावले तर माती घेऊन नदीला जाते.

३१ ऑगस्ट २०२१ च्या अतिवृष्टीत तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला, कन्नड घाटात दरडी कोसळल्या. एवढ्या पावसाला झाडे एकटी थोपवू शकत नाहीत. नेहमीच्या पावसात मात्र ती माती धरून ठेवतात.

आरोग्याचाही प्रश्न आहे. भेगांतून जाणारे पाणी फारसे गाळले जात नाही. गाळण्याचे काम वरची माती करते. ती पातळ झाली, की शेणखताचे, शौचालयाचे आणि युरियाचे अंश विहिरीत लवकर पोहोचतात. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त असलेले पाणी तान्ह्या बाळाला देऊ नये. उकळल्याने नायट्रेट जात नाही.

काय करता येईल? नांगरट आणि पेरणी उताराला आडवी करा. बांधावरचे अंजन, कडुनिंब, बाभूळ ट्रॅक्टरला अडचण होते म्हणून तोडू नका. चाऱ्यासाठी अंजन छाटताना शेंडा राखा, सगळे झाड एकदम बोडके करू नका. बांध पेटवू नका, त्यात आपोआप उगवलेली रोपे जळतात. उकिरडा विहिरीच्या वरच्या अंगाला ठेवू नका. आणि पिण्याच्या विहिरीचे पाणी पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासून घ्या.