व्हेसुव्हियसने राखलेली तारीख

सातवाहनकालीन महाराष्ट्राचा अभ्यास करणारा माणूस सनावळीपाशी पदोपदी अडखळतो. नाशिक आणि जुन्नरच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाच्या राजवटीतले लेख आहेत आणि त्यांत ४१ ते ४६ अशी वर्षे कोरलेली आहेत. ही वर्षे शक संवताची धरली, तर नहपान दुसऱ्या शतकात, सन ११९ ते १२४च्या सुमारास येतो. ती त्याच्या स्वतःच्या राज्याची धरली, तर तो पहिल्या शतकात जातो. नहपान सरकला की त्याचा पाडाव करणारा गौतमीपुत्र सातकर्णी सरकतो, आणि त्यांच्यामागोमाग लेणी, नाणी, शिल्पे सगळेच हलते. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. ती नहपानाची, पण त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला. कोण आधी आणि कोण नंतर, हे त्यावरून पक्के झाले. सन कोणता, हा प्रश्न मात्र राहिलाच.

अशा या डळमळीत काळात एक भक्कम तारीख आपल्याला मिळते, तीही इटलीतून. सन ७९मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला आणि पॉम्पेई हे शहर राखेखाली आणि ज्वालामुखीच्या हलक्या दगडांखाली गाडले गेले. तो दिवस ऑगस्टातला की ऑक्टोबरातला यावर वाद आहे. २०१८ साली तिथल्या एका भिंतीवर कोळशाने खरडलेली १७ ऑक्टोबरची नोंद सापडल्यापासून ऑक्टोबराचे पारडे जड झाले आहे. वर्षाबद्दल मात्र कोणाचे दुमत नाही. त्या राखेच्या थराखाली जी वस्तू सापडली, ती ७९च्या आधी घडलेली, यात तडजोड नाही.

१९३८ साली पुरातत्त्वज्ञ आमेदेओ मायुरी यांना तिथल्या एका घरात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. ती भारतीय घडणीची होती. ते घर आज ‘भारतीय मूर्तीचे घर’ म्हणूनच ओळखले जाते आणि मूर्ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

मूर्ती जेमतेम वीतभर, सुमारे २५ सेंटीमीटर उंचीची. अंगावर वस्त्र जवळजवळ नाही, दागिने मात्र अंगभर. कंबरेला मेखला, गळ्यात हार, हातांत बांगड्यांची चळत आणि पायांत नुसते पैंजण नाहीत, तर घोट्यापासून वर चढत गेलेली वाळ्यांची थप्पी. पाय एकमेकांवर तिढा घालून उभे. दोन्ही बाजूंना तिच्या निम्म्याहून कमी उंचीच्या दोन दासी आहेत आणि त्यांच्या हातांत प्रसाधनाची पात्रे आहेत. मूर्तीच्या डोक्यातून खाली एक भोक पाडलेले आहे. ही मूर्ती पूजेची नव्हती, कशाला तरी जोडलेली होती, हे त्या भोकावरून कळते. आधी तो आरशाचा दांडा मानला गेला. पुढे काही अभ्यासकांनी तो एखाद्या लहान तिवईचा पाय असावा, असे मांडले. मला दुसरे मत अधिक पटते, कारण दासींमुळे तळाला आलेली रुंदी मुठीत धरायच्या दांड्याला अडचणीचीच. मायुरींनी तिला लक्ष्मी म्हटले आणि ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ हे नाव तिला कायमचे चिकटले. पण तिच्या हातात कमळ नाही, अभिषेक करणारे हत्ती नाहीत. सांचीच्या तोरणावरच्या यक्षींशी तिचे नाते अधिक जवळचे दिसते.

ती घडली कुठे? सुरुवातीला बोट मथुरेकडे दाखवले गेले. मग १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला उत्खनन केले. हे जुने भोगवर्धन. इथल्या दात्यांची नावे भारहुत आणि सांचीच्या स्तूपांवर कोरलेली आहेत. या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक तुटका भाग निघाला. शेजारी तशाच दासी, पायांत तसेच वाळ्यांचे थर. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही याच घराण्यातली एक हस्तिदंती मूर्ती मिळालेली आहे. गोरोबाकाकांचे तेर म्हणजेच ग्रीक प्रवासवर्णनातले तगर, हे पुरालेखतज्ज्ञ फ्लीट यांनी १९०१ सालीच दाखवून दिले होते. म. के. ढवळीकरांसारख्या पुरातत्त्वज्ञांनी या मूर्ती शेजारी ठेवून पाहिल्या आणि पॉम्पेईच्या मूर्तीचे माहेर भोकरदनच्या परिसरात असावे, असे मांडले.

या निष्कर्षाचे खरे मोल पुरेसे ओळखले गेलेले नाही, असे मला वाटते. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेल्या पोसायडनच्या ब्राँझमूर्तीचे आपण कौतुक करतो, रोमची वस्तू आपल्याकडे आली म्हणून. पॉम्पेईची मूर्ती उलट दिशेने गेली आणि जाऊन आपल्या मातीला सन देऊन गेली. भोकरदनचा तुकडा आणि पॉम्पेईची मूर्ती एकाच परंपरेतल्या असतील, तर ७९च्या आधीच मराठवाड्यात हस्तिदंतावर एवढा सराईत हात चालत होता. राजांच्या याद्या जुळवून जे हाती लागले नाही, ते एका परक्या शहराच्या नाशातून मिळाले.

मार्गही अंधारात नाही. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या त्याच ग्रीक प्रवासवर्णनाचा अनामिक लेखक सांगतो की पैठण आणि तगरचा माल गाड्यांवर लादून अवघड वाटांनी भडोचला येई. भडोचहून जाणाऱ्या मालात तो हस्तिदंताचे नाव घेतो. कल्याण बंदर तेव्हा अडचणीत होते आणि तिथे चुकून लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, हेही तोच सांगतो. रोमन लेखक थोरल्या प्लिनीची तक्रार होती की भारत दरवर्षी रोमच्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स शोषून घेतो. व्हेसुव्हियसच्या त्याच उद्रेकात प्लिनी गेला.

आता अडचणीचा मुद्दा. मूर्तीच्या तळावर खरोष्ठी लिपीतले एक अक्षर कोरलेले आहे, ‘शि’ असे वाचले जाणारे. खरोष्ठी ही वायव्येची, गांधाराकडची लिपी. अफगाणिस्तानात बेग्रामला सापडलेली हस्तिदंती शिल्पेही प्रसिद्ध आहेत, म्हणून काही जण मूर्तीचे मूळ तिकडे शोधतात. पण नहपानाच्या नाण्यांवर ग्रीक आणि ब्राह्मीच्या जोडीला खरोष्ठीही आहे. म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर ही लिपी वाचणारे लोक होते आणि भडोचच्या एखाद्या व्यापाऱ्याने किंवा जोडारी कारागिराने ती खूण केली असणे अशक्य नाही. कारागीरही एका गावाला बांधलेले नव्हते. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या दंतकारांनी कोरीवकाम केल्याचा लेख आहे आणि त्याच तोरणावर सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याचेही नाव आहे. दंतकाराने दगडावर काम केले, विदिशेचे आणि सातवाहनांचे कारागीर एकाच जागी राबले. त्यामुळे शैलीवरून गाव ठरवताना हात जपूनच टाकावा लागतो. तरीही माझा कौल भोकरदनला आहे. एकट्या अक्षरापेक्षा घडणीतले साम्य मला वजनदार वाटते.

हस्तिदंताच्या रासायनिक तपासणीतून तो हत्ती कोणत्या प्रदेशात चरला, याचा अंदाज बांधता येतो. पण कच्चा दात शेकडो कोस प्रवास करून कारखान्यात येतो. हत्ती कुठला हे कळले, तरी कोरणारा कुठला हे त्यातून कळणार नाही. ते ठरायचे तर अर्धवट कोरलेले, बिघडलेले, टाकून दिलेले तुकडे आणि दात कापताना उरलेला चुरा सापडायला हवा. त्यासाठी भोकरदन आणि तेरच्या पांढरीत पुन्हा, आणि या वेळी सावकाश, चाळणी लावून उतरावे लागेल.