जवळचा प्रवास आणि त्याचा हिशेब

सम्मेदशिखर किंवा पालिताण्याच्या यात्रेचे नियोजन आपण दोन-तीन महिने आधीपासून करतो. गाडी कोणती, वर्ग कोणता, भाडे किती, याची घरात चर्चा होते. परंतु दिंडोरीहून नाशिकला जाताना असा विचार क्वचितच केला जातो, कारण अंतर अवघे २५ किलोमीटरांच्या आसपास आहे. तरीही जो व्यापारी आठवड्यातून दोनदा नाशिकला जाऊन येतो, त्याचा वर्षभरात पाच हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास होतो. म्हणून या छोट्या प्रवासाचाही हिशेब मांडणे आवश्यक आहे.

पहिला प्रश्न वेळेचा. जवळच्या प्रवासात वाहनाचा वेग फारसा महत्त्वाचा नसतो. घराच्या उंबरठ्यापासून इच्छित दुकानाच्या पायरीपर्यंत लागणारा एकूण वेळ महत्त्वाचा असतो. याचे उत्तम उदाहरण जपानमध्ये आढळते. ओसाका आणि कोबे या शेजारच्या शहरांत सुमारे ३० किलोमीटरांचे अंतर आहे. कोबे येथे मोत्यांच्या व्यापारानिमित्त आपली अनेक जैन कुटुंबे स्थायिक झाली असून तेथील जिनमंदिर १९८५ मध्ये उभे राहिले. या दोन शहरांदरम्यान १८७४, १९०५ आणि १९२० मध्ये सुरू झालेले तीन वेगवेगळे लोहमार्ग जवळजवळ समांतर धावतात. शिवाय बुलेट ट्रेनही आहे. बुलेट ट्रेनला जेमतेम पाव तास लागतो, तर साध्या जलद गाड्यांना वीस ते तीस मिनिटे. तरीही नित्याचे प्रवासी साध्या गाडीनेच जातात, कारण बुलेट ट्रेनची दोन्ही स्थानके मुख्य बाजारपेठेपासून दूर आहेत आणि तिचे भाडेही काही पटींनी अधिक आहे. गाडीत वाचलेली मिनिटे स्थानक गाठण्यात खर्च होतात.

हाच न्याय दिंडोरीला लावून पाहावा. आपल्या गावाला रेल्वे नाही. एस.टी. बस, काळी-पिवळी जीप, दुचाकी आणि स्वतःची मोटार हे चार पर्याय आहेत. पंचवटीतील मार्केट यार्ड दिंडोरी रस्त्यावरच असल्याने तेथील कामासाठी बस किंवा जीप पुरेशी आहे. सराफ बाजार, बोहोरपट्टी किंवा रविवार कारंजा येथे जायचे असल्यास मोटारीने रस्त्यात वाचवलेला वेळ गाडी उभी करण्यास जागा शोधण्यात जातो. याउलट, नाशिकरोड स्थानकावर पहाटेची गाडी पकडायची असेल, तर शहर ओलांडून पुढे आणखी आठ-नऊ किलोमीटर जावे लागते. सोबत सामान आणि वृद्ध माणसे असताना दोन वाहने बदलण्यापेक्षा मोटारच श्रेयस्कर. थोडक्यात, वाहन कामानुसार बदलावे, सवयीनुसार नव्हे.

दुसरा प्रश्न पैशाचा. मोटारीचा खर्च म्हणजे केवळ पेट्रोल, असे आपण गृहीत धरतो. उदाहरणादाखल आठ लाखांची मोटार दहा वर्षांनी दोन लाखांना विकली, असे समजू. वर्षाला साठ हजार रुपयांचा घसारा झाला. विमा, देखभाल, टायर यांचे चाळीस हजार धरले, तर वर्षाचा स्थिर खर्च एक लाख होतो. मोटार घरात आधीच असेल, तर ती अंगणात उभी राहिली तरी यातील बराचसा खर्च होणारच. अशा वेळी एका फेरीचा विचार करताना इंधन व थोडी झीज एवढेच मोजणे योग्य. परंतु नाशिकच्या फेऱ्यांसाठी म्हणून दुसरी मोटार घ्यायची असेल आणि वर्षात शंभर फेऱ्या होणार असतील, तर प्रत्येक फेरीवर इंधनाव्यतिरिक्त एक हजार रुपये पडतात. भाड्याच्या गाडीचा दर या रकमेशी ताडून पाहिल्याशिवाय कर्जाच्या अर्जावर सही करू नये.

एस.टी.चे भाडे सहा किलोमीटरांच्या टप्प्याने आकारले जाते. २५ जानेवारी २०२५ पासून त्यात सुमारे १५ टक्के वाढ झाली. तरीही एकट्या प्रवाशासाठी बस मोटारीपेक्षा स्वस्तच आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना विनामूल्य प्रवास, ६५ ते ७५ वयोगटास निम्मे भाडे आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे भाडे अशा सवलती आहेत. ज्येष्ठांनी ओळखपत्र जवळ बाळगावे. सुस्थितीतील कुटुंबांना सवलत घेण्यात संकोच वाटतो, तो अनाठायी आहे.

तिसरा प्रश्न सुरक्षिततेचा, आणि तो पैशाच्या हिशेबात मावत नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती. दुकान वाढवून रात्री नाशिकहून दुचाकीवर परतणाऱ्या तरुण मुलाला बसचे भाडे वाचते, परंतु आईवडिलांचा जीव टांगणीला लागतो. जीपमध्ये मर्यादेपेक्षा अधिक माणसे कोंबली असतील, तर दहा मिनिटे थांबून पुढचे वाहन घेणे हेच शहाणपण.

परतीची वेळ निघण्यापूर्वीच ठरवावी. चौविहार पाळणाऱ्यांना सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचायचे असते. हिवाळ्यात तर दिवस सहाच्या आतच मावळतो. वणी, कळवण आणि सप्तशृंगी गडाकडे जाणाऱ्या गाड्या दिंडोरीवरून जातात, पण चैत्रात आणि नवरात्रात त्यांत यात्रेकरूंची दाटी असते. त्या दिवसांत बाजाराची कामे सकाळीच उरकावीत.

अखेरीस घरातील ज्येष्ठांविषयी. आजी-आजोबांना डॉक्टरांकडे, बँकेत किंवा म्हसरूळच्या गजपंथ सिद्धक्षेत्री जायचे असते. पण मुलाला दुकानातून सवड मिळेपर्यंत ते गप्प बसतात. दारात मोटार असूनही त्यांचा प्रवास थांबलेला असतो. बसच्या जाण्यायेण्याच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावाव्यात आणि पहिल्या एक-दोन वेळा नातवाने सोबत जावे. गाडीची वेळ गैरसोयीची असेल, तर बसस्थानकावर लेखी अर्ज द्यावा. दहा कुटुंबांच्या सह्या असल्या तर त्याला वजन येते. आपण मोटारवाले झालो म्हणून बसकडे पाठ फिरवली, तर तिच्या फेऱ्या कमी झाल्यावर पहिली अडचण आपल्याच घरातील वृद्धांची आणि शिकणाऱ्या मुलींची होईल. घरातील प्रत्येकाला आपल्या पायांनी, आपल्या वेळेला जाऊन सुखरूप परत येता यावे, असे वाहन निवडले की हिशेब जुळला असे समजावे.