अर्ध्या गुंठ्याचे बागाइतदार

जळगाव जिल्ह्यात कुणी ‘माझी बाग आहे’ असे म्हटले, की समोरचा पहिला प्रश्न करतो, “किती खोडं?” बाग म्हणजे केळीची आणि तिची मोजदाद हजारांत, हे इथे गृहीतच असते. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मला हाच प्रश्न केला, तेव्हा मी सांगितले, “आठ गुलाब, दोन मोगरे, एक लिंबू आणि एक बोर.” त्या सद्गृहस्थांनी हसू मिशीत दाबून घाईघाईने चहा मागवला.

मेहरूणमध्ये आमचे लहानसे घर आहे. पुढचे अंगण आणि बाजूची पट्टी मिळून अर्धा गुंठा जमीन भरते. एवढ्या जमिनीत माणूस वर्षभर किती गुंतून पडतो, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक!

बागकामाची पुस्तके वर्षाचा आरंभ पावसाळ्यापासून करतात. ती लिहिणारे बहुधा पुण्याकडचे असावेत. खानदेशात माळ्याची परीक्षा होळी संपली की सुरू होते. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो आणि आमची काळी जमीन भेगाळते. भेगा अशा की त्यांत मुलांचे चेंडू गडप होतात. ही माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. आकसताना ती गुलाबाची कोवळी मुळे तटातट तोडते. शेतकरी याच भेगांचे कौतुक करतो, कारण वरची माती आत पडून जमीन आपोआप खालवर होते. गुलाबाला हे तत्त्वज्ञान मानवत नाही. त्याच्यासाठी वाळू, मुरूम आणि शेणखत घालून मातीचा स्वभाव मऊ करावा लागतो, आणि दर दोन वर्षांनी ती पुन्हा मूळपदावर येते.

पाण्याचा प्रश्न तर विचारूच नका. नळ एक दिवसाआड येतो. त्या पाण्यावर आधी माणसांचा हक्क, मग झाडांचा. तांदूळ धुतलेले पाणी जास्वंदीला, भाजी धुतलेले लिंबाला, अशी वाटणी सौ.ने लावून दिली आहे. आमच्या जळगावने ठिबक सिंचनाच्या नळ्या देशभर पाठवल्या, पण ठिबकाची खरी मातब्बरी मला पटली ती आईच्या तुळशीवरून. वैशाखात तुळशीवर गळती लावायची जुनी रीत आहे. तळाला बारीक भोक पाडलेले मडके, त्यात दर्भ किंवा कापडाची वात, आणि थेंब थेंब पाणी. यंदा तशी चार मडकी मी गुलाबांच्या बुंध्याशी ठेवली. आईने ती पाहिली आणि म्हणाली, “गुलाबाला सोवळ्यात बसवलंस की रे!” आठांपैकी सहा गुलाब त्या सोवळ्यावर तगले.

आणि या भट्टीतच मोगरा फुलतो! इतर झाडे माना टाकून उभी असताना हा गृहस्थ संध्याकाळी ओंजळभर कळ्या देतो. रात्री वीज गेली म्हणजे आम्ही सगळे गच्चीवर जातो; तांब्यातल्या पाण्यात चार फुले सोडलेली असतात. तेवढ्यापुरता जळगावचा उन्हाळा क्षम्य वाटतो.

मृग लागला की दुसरे संकट येते: गवत. लव्हाळ्याचे पाते उपटावे, तर जमिनीखालच्या गाठींना अधिकच चेव येतो. काँग्रेस गवताची कथा निराळी. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात प्रथम नजरेस आले आणि आज ते नाही असा रस्ता दाखवणे कठीण. त्याच्यावर उतारा म्हणून मेक्सिकोतले एक भुंगेऱ्यासारखे किडे आणून १९८४ साली बंगळूरला सोडले होते. पावसाळ्यात ते पांढुरके, रेघारेघांचे किडे आमच्या कुंपणापलीकडे पाने खाताना दिसतात. मी त्यांना कुणाला मारू देत नाही. फुकटचे मजूर आहेत ते!

श्रावणात मात्र सारे अपराध माफ. तेरडा, गुलबक्षी, कृष्णकमळ, पहाटे पारिजातकाचा सडा. बालकवी आमच्या जवळच्या धरणगावचे. श्रावणावरची त्यांची कविता शिकवताना मुलांना मी नेहमी सांगतो, की ज्याने इथला वैशाख सोसला आहे त्यालाच तसा श्रावण दिसतो. कोकणातल्या कवीला हिरवळीचे एवढे नवल वाटले असते का, याची मला शंका आहे.

लिंबावरच्या अळ्यांविषयी थोडक्यातच सांगतो, कारण त्यावरून घरात तंटा आहे. त्या आधी पाखराच्या शिटेसारख्या दिसतात, मग हिरव्यागार होतात आणि शेवटी त्यांची सुंदर फुलपाखरे होतात. फुलपाखरे चिरंजीवांना हवीत, लिंबे सौ.ला हवीत. सध्या एक फांदी अळ्यांच्या नावे करून दिली आहे.

वांगी आम्ही चारच लावतो, भरिताची, हिरवट पांढऱ्या रेघांची. जळगावच्या या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी बामणोदच्या वांग्यांची कीर्ती त्याआधीपासूनची. शेंडा मान टाकताना दिसला की लगेच कापायचा. आत गुलाबी अळी बसलेली असते. यंदा दिवाळीच्या तोंडावर पहिली तीन वांगी निघाली. ती गॅसवर भाजायला आईने साफ नकार दिला. पऱ्हाट्या आणल्या, अंगणात जाळ केला, आणि शेजारची चार घरे वासावर गोळा झाली.

आता बोर. हे झाड आमच्या घरापेक्षा वयाने मोठे. वाचकहो, मेहरूणचे नाव महाराष्ट्रात गेले ते बोरांमुळे. ‘मेहरूण’ ही बोराची जातच आहे. जुन्या बागांच्या जागी प्लॉट पडले, कॉलन्या झाल्या, बोरी विरळ झाल्या. आमच्या कोपऱ्यातली ही एक राहिली. गावठी बोरीवर डोळा भरून ती कुणी केली, हे ठाऊक असलेले एक नाना अजून आमच्याकडे येतात. त्यांची इथेच बाग होती. राघू हाकायला ते रात्र-पहाट गोफण घेऊन माचणावर असत. एप्रिलात ते न बोलावता येतात आणि फांद्या निर्दयपणे छाटतात, कारण बोर धरते ते नव्या फुटीवर. पैसे विचारले तर रागावतात. संक्रांतीला पिशवीभर बोरे तेवढी नेतात, नातवंडांच्या बोरन्हाणाला. एकदा उन्हाळ्यात मी बुंध्याशी बादली ओतत होतो, तर म्हणाले, “सर, बोरीले पाणी नका घालू. तिले तिचं कळतं.”

या बोरीविरुद्ध तक्रारींची यादी मोठी आहे. काटे सायकलींच्या टायरात घुसतात, पाने शेजारच्या ओट्यावर पडतात, हिवाळ्यात पोरांचे दगड काचेवर येतात, भाद्रपदात फुलांच्या वासाने माश्या घोंघावतात. त्यातच गेल्या वर्षी आम्ही मोटार घेतली. गल्लीतल्या बहुतेक अंगणांत पेव्हर ब्लॉक बसले आहेत. मिस्त्रीने फाटकापासून टेप लावला आणि निकाल दिला, “बोर काढली तर गाडी आरामात बसते.”

घरात बैठक बसली. शहरातले झाड तोडायला, मग ते स्वतःच्या अंगणातले का असेना, १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हे मी सांगितले. “परवानगी मिळेल हो,” सौ. म्हणाली. तिचे बोलणे चूक नव्हते; पावसात गाडी रस्त्यावर राहते, आरसा एकदा मोडूनही गेला. अर्धा तास कुणी काही बोलेना. मग आईने विचारले, “पण एप्रिलात नाना येतील, त्यांना काय सांगायचं?” याचे उत्तर कुणाजवळ नव्हते. मिस्त्रीला दिवाळीनंतर ये म्हणून सांगितले आहे.

तूर्त बोरीवर सुपारीएवढी हिरवी फळे आहेत. मोटार रस्त्यावरच उभी असते. तिच्या टपावरची पाने झाडण्याचे काम चिरंजीवांकडे आहे आणि त्याचे ते आठवड्याला दहा रुपये घेतात.