शस्त्रक्रियेनंतरची प्रकृती आणि रक्तातील प्रथिने

शस्त्रक्रिया यशस्वी होते, परंतु जखम लवकर भरत नाही, अशक्तपणा हटत नाही, असा अनुभव अनेक कुटुंबांना येतो. अशा वेळी रक्ततपासणीच्या अहवालातील एका आकड्याचा उल्लेख होतो. तो म्हणजे अल्ब्युमिन.

अल्ब्युमिन हे यकृतात तयार होणारे व रक्तद्रवात सर्वाधिक आढळणारे प्रथिन होय. निरोगी प्रौढाच्या रक्तात ते दर डेसिलिटरमागे साधारणतः ३.५ ते ५ ग्रॅम असते. रक्तातील पाणी रक्तवाहिन्यांमध्ये धरून ठेवणे आणि अनेक औषधे वाहून नेणे ही त्याची प्रमुख कार्ये. शस्त्रक्रियेपूर्वीच ते बरेच कमी असलेल्या रुग्णांमध्ये जंतुसंसर्गाचा व जखम उशिरा भरण्याचा धोका अधिक आढळतो. म्हणूनच युरोपातील पोषणतज्ज्ञांच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक सूचनांनी ३ ग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन हे गंभीर धोक्याचे एक लक्षण मानले असून, अशा रुग्णांना मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी ७ ते १४ दिवस पोषणोपचार द्यावेत, असे सुचविले आहे.

मात्र हा आकडा घटला म्हणजे रुग्णाची उपासमारच झाली, असे नव्हे. शस्त्रक्रियेच्या आघाताने शरीरात दाह निर्माण होतो. त्या काळात अल्ब्युमिन रक्तवाहिन्यांबाहेर झिरपते आणि यकृतही दाहाशी सामना करणारी इतर प्रथिने बनविण्यास अग्रक्रम देते. त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांत आकडा उतरला म्हणून नातेवाइकांनी घाबरून जाऊ नये. शिरेतून दिले जाणारे महागडे अल्ब्युमिन विशिष्ट परिस्थितीतच उपयोगी असते. ते आहाराची जागा घेऊ शकत नाही.

जखम भरून येण्यासाठी शरीराला प्रथिनांचा कच्चा माल लागतो. निरोगी माणसाला दर किलो वजनामागे दररोज सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने पुरतात. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर ही गरज १.२ ते १.५ ग्रॅमपर्यंत जाते. म्हणजे ६० किलोच्या रुग्णास ७२ ते ९० ग्रॅम. आपल्याकडे मात्र आजाऱ्याला पेज, चहा-बिस्किटे आणि शहाळ्याचे पाणी यांवरच ठेवण्याची प्रथा आहे. त्यांतून प्रथिने फारच थोडी मिळतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, तर १०० ग्रॅम मासळीत साधारण १८ ते २० ग्रॅम प्रथिने असतात. शाकाहारी रुग्णांसाठी डाळ, दूध, दही व पनीर आहेतच. अंडी-मासळीने जखम चिघळते, ही समजूत निराधार आहे.

मूत्रपिंडाचा वा यकृताचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. इतरांनी रुग्णाला घरी नेण्यापूर्वी, “याला काय खायला द्यावे?” हा प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावा. औषधाच्या चिठ्ठीइतकेच त्या उत्तराला मोल आहे.