मृतदेहाविना सिद्ध झालेला खून

सहायक पोलिस निरीक्षक अश्विनी बिद्रे-गोरे मूळच्या कोल्हापूर जिल्ह्यातील आळते (ता. हातकणंगले) गावच्या. नवी मुंबईत नेमणुकीला असताना ११ एप्रिल २०१६ पासून त्या बेपत्ता झाल्या. संशय होता पोलिस निरीक्षक अभय कुरुंदकर याच्यावर. दोघांची ओळख सांगलीतल्या नोकरीपासूनची.

रहस्यकथेत सगळे धागे एकटा गुप्तहेर जुळवतो. इथे ते काम आधी घरच्यांना करावे लागले. जुलै २०१६ मध्ये त्यांनी कळंबोली पोलिसांकडे तक्रार दिली, वरिष्ठांचे उंबरे झिजवले, उच्च न्यायालयात धाव घेतली. अपहरणाचा गुन्हा नोंदला गेला तो जानेवारी २०१७ च्या अखेरीस. त्याच महिन्यात, प्रजासत्ताक दिनानिमित्त, कुरुंदकरला राष्ट्रपती पोलिस पदक जाहीर झाले होते! अटक व्हायला डिसेंबर उजाडला. आरोपी खात्यातलाच असला की तपासाचे पाय किती जड होतात, हे या तारखाच सांगतात.

मीरा रोड परिसरातील फ्लॅटमध्ये खून करून मृतदेहाचे तुकडे वसईच्या खाडीत टाकल्याचे तपासात पुढे आले. खाडीत शोध घेतला, हाती काही लागले नाही. पण मृतदेह सापडलाच पाहिजे, अशी कायद्याची अट नाही. परिस्थितिजन्य पुराव्यावर गुन्हा सिद्ध करता येतो. मात्र साखळीतली प्रत्येक कडी पक्की हवी आणि तिच्यातून आरोपीच्या अपराधाखेरीज दुसरा निष्कर्ष निघता कामा नये. पुण्यातील शरद सारडा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये घालून दिलेली ही कसोटी आजही लागू आहे.

या खटल्यातली साखळी मुख्यतः मोबाइलने बांधली. दोघांच्या फोनची ठिकाणे जुळली. खुनानंतरही अश्विनी यांच्या फोनवरून नातेवाइकांना संदेश गेला होता, त्या जिवंत असल्याचे भासवण्यासाठी. त्यातली लिहिण्याची ढब मात्र कुरुंदकरची निघाली.

पनवेल सत्र न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये कुरुंदकरला जन्मठेप सुनावली. पुरावा नष्ट करायला मदत करणाऱ्या दोघांना सात वर्षांची शिक्षा झाली, एक आरोपी निर्दोष सुटला. तक्रार दिल्यापासून निकाल मिळेपर्यंत पावणेनऊ वर्षे गेली.

अशी वणवण टाळायची तर हे माहीत हवे: दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर तो नोंदवणे पोलिसांवर सर्वसाधारणपणे बंधनकारक आहे. ठाण्यात टाळाटाळ झाली तर लेखी तक्रार टपालाने पोलिस अधीक्षकांकडे पाठवावी, पोच जपून ठेवावी आणि तरीही दाद लागली नाही तर थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा.